सत्तेने माणूस बदलतो की उघडा पडतो?

प्रश्न : सत्ता हाती आल्यावर माणूस बिघडतो, की त्याचा मूळ स्वभाव तेव्हा कुठे बाहेर येतो? प्राचीन रोमन इतिहासकारांचे याविषयी काय मत होते?

उत्तर : टॅसिटस या इतिहासकाराने एकाच सम्राटाच्या निमित्ताने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे नोंदवून ठेवली आहेत. हा सम्राट म्हणजे इ. स. १४ ते ३७ या काळात राज्य केलेला टायबेरियस. त्याच्या मृत्यूनंतर टॅसिटस त्याच्या आयुष्याचे टप्पे पाडतो : आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या हाताखाली असेपर्यंत चांगले नाव, नंतर सद्गुणांचे सोंग, आई हयात होती तोवर बऱ्यावाइटाचे मिश्रण आणि शेवटी, भीती व लाज दोन्ही सुटल्यावर, निव्वळ स्वभावाप्रमाणे वागणे. म्हणजे दुष्टपणा आधीपासूनच होता, केवळ त्यावरचा पडदा दूर झाला.

मात्र टॅसिटसच्या ग्रंथात याच्या थोडेच आधी ल्युसियस अरुंटियस या वृद्ध सेनेटरचा, म्हणजे सेनेट या रोमच्या राज्यसभेच्या सभासदाचा, प्रसंग येतो. त्याच्यावर खटला भरलेला आहे आणि सम्राट आता फार दिवसांचा सोबती नाही, तेव्हा थोडी कळ काढा, असे मित्र त्याला विनवत आहेत. तो उत्तर देतो, की राज्यकारभाराचा एवढा अनुभव असलेला टायबेरियस जर सत्तेच्या जोराने मुळापासून हादरून बदलला, तर जेमतेम बालपण संपलेल्या गायसकडून (पुढचा सम्राट कॅलिग्युला याच्याकडून) कसली आशा धरायची? एवढे बोलून तो आपल्या शिरा कापून घेतो. मला अरुंटियसचे म्हणणे अधिक पटते. टॅसिटसने स्वतःच अन्यत्र म्हटले आहे, की व्हेस्पेशियन या नंतरच्या सम्राटापर्यंतच्या सर्व सम्राटांत चांगल्या दिशेने बदललेला तो एकटाच. स्वभाव कायमचा ठरलेला असता, तर असे लिहिण्याला अर्थ उरला नसता.

हा बदल घडतो कसा, याचे उत्तर टॅसिटस सम्राटाच्या भोवतालच्या माणसांत शोधतो, आणि त्याच्या लेखनातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. सेनेटमध्ये माजी कॉन्सलांपासून (सर्वोच्च पदाधिकाऱ्यांपासून) कनिष्ठ सभासदांपर्यंत सारे चढाओढीने उठून लाचार ठराव मांडत. सभागृहातून बाहेर पडताना टायबेरियस ग्रीक भाषेत म्हणत असे, 'गुलामीला किती तयार असलेली ही माणसे!' जनतेचे स्वातंत्र्य नको असलेल्या सम्राटालाही या लाचारीची किळस येत होती, हे टॅसिटस मुद्दाम नमूद करतो.

हे तो तिऱ्हाइताच्या भूमिकेतून लिहीत नव्हता. सम्राट डोमिशियनच्या राजवटीत (इ. स. ८१ ते ९६) तो स्वतः सेनेटर होता आणि पदांच्या पायऱ्या चढत होता. ती राजवट संपल्यावर आपले सासरे अग्रिकोला यांच्या चरित्रात, हेल्विडियसला (डोमिशियनच्या रोषाला बळी पडलेल्या सेनेटरला) तुरुंगात नेणारे हात आमचेच होते, असे त्याने लिहिले. 'आमचे' म्हणताना त्याने स्वतःला वगळलेले नाही.