बाबांच्या विंडोज ७ वरून काढून टाकलेला विंडोज लाइव्ह मेल परत बसवता येईल का? जुनी पत्रं मिळतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबांच्या विंडोज ७ च्या पीसीवर विंडोज लाइव्ह मेल हा मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्राम होता. सी ड्राइव्हवर जागा उरली नाही म्हणून भाच्याने काही प्रोग्राम काढले, त्यात तोही गेला. आता मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तो मिळत नाही. २००९ पासूनची पत्रं त्यात होती आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "ती गेली, विंडोज नवीन टाकून घ्या."

प्रोग्राम परत बसतो. पत्रंही बहुधा आहेत तिथेच आहेत. फक्त क्रम चुकवू नका: आधी पत्रांची प्रत, मग प्रोग्राम. तोवर मशीन दुरुस्तीला देऊ नका, विंडोज नव्याने टाकू देऊ नका आणि सी ड्राइव्हवर नवीन काही उतरवूही नका.

मी साताऱ्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो, आणि हे ठासून सांगण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे सीपीयू घेऊन आल्या. मुलगा परदेशी, त्याची सात-आठ वर्षांची पत्रं लाइव्ह मेलमध्ये. मेल उघडेना म्हणून त्यांनी आधी दुसरीकडे दाखवलं, तिथे न विचारता फॉरमॅट मारून दिला. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून मी तीन रात्री बसलो. थोडी पत्रं निघाली, बरीच अर्धवट निघाली, फोटो तर जवळजवळ सगळे फुटलेले. मेल न उघडणं ही तासाभराची दुरुस्ती होती. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो, म्हणून एवढं लांबलचक उत्तर लिहितोय.

लाइव्ह मेल आणि त्यातली पत्रं डिस्कवर दोन वेगळ्या ठिकाणी राहतात. प्रोग्राम असतो प्रोग्राम फाइल्समध्ये. पत्रं असतात युजरच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल अशा वाटेने गेल्यावर. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी हे दुसरं फोल्डर सहसा जागेवर राहतं. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं म्हणून शोधणाऱ्याला दिसत नाही आणि तो "गेलं" म्हणून मोकळा होतो. स्टार्टमधल्या शोधाच्या चौकटीत टक्क्याची खूण, लोकलअ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याची खूण असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा, थेट लोकल फोल्डर उघडेल. तिथून पुढे मायक्रोसॉफ्ट आणि मग विंडोज लाइव्ह मेल. हे बाबांच्याच लॉगिनमधून करा, तुमच्या नव्हे.

आत प्रत्येक खात्याच्या नावाचं एक फोल्डर दिसेल आणि एक स्टोरेज फोल्डर्स नावाचं. बाबांनी स्वतः केलेल्या फोल्डरांची नावं कापलेली आणि पुढे दोन-तीन आकडे-अक्षरं चिकटवलेली दिसली तर घाबरू नका, तो प्रोग्राम तसंच करतो. सगळ्यात आत ईएमएल प्रकारच्या फाइली असतील. आठ आकडे-अक्षरं, मध्ये आडवी रेघ, पुन्हा आठ, अशी नावं. एक फाइल म्हणजे एक पत्र, जोडलेल्या फोटोंसकट. जुन्या विंडोज एक्सपीवरच्या आउटलुक एक्सप्रेस या मेल प्रोग्राममध्ये असं नव्हतं. तिथे अख्ख्या इनबॉक्सची मिळून एकच डीबीएक्स फाइल असायची आणि ती बिघडली की सगळं अडकायचं. इथे एखादं पत्र खराब झालं तरी बाकीची शाबूत राहतात.

पत्र खरोखर आत आहे का, हे प्रोग्राम नसतानाही बघता येतं. एखादी ईएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वर काही ओळी सर्व्हरच्या, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय. विषय मराठीत असेल तर तिथे मराठी दिसणार नाही. बरोबरचं चिन्ह (=), प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिपी साठवण्याची पद्धत) आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांची माळ दिसेल. त्या माळेत '४केएस' किंवा '४केडब्ल्यू' पुन्हा पुन्हा येत असेल, दर चार अक्षरांनी, तर ती मराठीच आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि ईमेलच्या बेस-६४ लिखाणात (मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत बदलण्याची रीत) त्या तीन बाइटांची चार इंग्रजी अक्षरं होतात. सुरुवातीचे बाइट सारखेच, म्हणून सुरुवातही सारखी. 'आई' हा शब्द तिथे '४केएसजी४केएसआय' असा लिहिलेला असतो. त्या शिक्षिकेच्या डिस्कवरच्या तुटक्या फाइलींतून मी आधी हीच माळ शोधत होतो, कारण फाइलींची नावं आणि तारखा पुसल्या गेल्या होत्या.

आता हे अख्खं विंडोज लाइव्ह मेल फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. पत्ते शेजारच्या विंडोज लाइव्ह फोल्डरमध्ये कॉन्टॅक्ट्स नावाखाली असतात, तेही घ्या. फोल्डर तिथे नसेलच तर दोन शक्यता तपासा. बाबांनी किंवा कुणी प्रोग्रामच्या मेंटेनन्समधून पत्रांची जागा डी ड्राइव्हवर हलवली असू शकते. किंवा मध्ये कधी फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा टाकलं असेल, तर जुना सगळा संसार सी ड्राइव्हवरच्या विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवा असं करून दोन्हीकडे ईएमएल शोधा.

प्रोग्रामकडे वळण्याआधी एक गोष्ट, कारण यावर पुष्कळ लोक वेळ घालवतात. विंडोज ७ ची डीव्हीडी टाकून लाइव्ह मेल परत येत नाही. एक्सपीबरोबर आउटलुक एक्सप्रेस यायचा, व्हिस्टाबरोबर विंडोज मेल, पण ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ बरोबर मेलचा प्रोग्रामच नव्हता. तो विंडोज लाइव्ह इसेन्शियल्स या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम-संचातून वेगळा उतरवून घ्यावा लागे. विंडोज ७ मध्येही विंडोज मेल नावाचं एक लपलेलं फोल्डर सापडतं आणि त्यात व्हिस्टाची एक डीएलएल फाइल टाकून तो जिवंत करण्याची युक्ती लोक सांगतात. तिच्या नादी लागू नका. सिस्टिमच्या फाइलींचे हक्क बदलावे लागतात, आणि बाबांची पत्रं त्या प्रोग्रामात नव्हतीच.

तुम्हाला हवी ती शेवटची आवृत्ती, विंडोज इसेन्शियल्स २०१२ मधली. तिचा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ ला थांबवला आणि डाउनलोडही काढून घेतलं. इन्स्टॉलर दोन प्रकारचे होते. एक लहानसा, एक-दीड एमबीचा, जो बाकीचं सगळं इंटरनेटवरून आणायचा. तो आज निरुपयोगी आहे, कारण आणायचं तिथे काही उरलेलं नाही. दुसरा पूर्ण, सुमारे १३० एमबीचा, डब्ल्यूएलसेटअप-ऑल नावाचा. हाच घ्या. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपणारी साइट) मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पत्त्यावरची त्याची प्रत जपलेली आहे. कुठल्याही 'फ्री डाउनलोड'वाल्या साइटवरून घेऊ नका, तिथल्या फाइलींबरोबर नको ती भर येते. दुसऱ्या मशीनवर उतरवा, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स बघा. सही मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची असेल आणि ती ठीक असल्याचं लिहिलं असेल तरच पेन ड्राइव्हवरून बाबांच्या पीसीवर न्या. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ टाकलेला असावा.

इन्स्टॉल करताना 'सगळे प्रोग्राम' न घेता निवडून घ्या आणि फक्त मेलवर खूण ठेवा. मेसेंजर आणि बाकीच्यांचा आता उपयोग नाही आणि जागेचीच तुमच्याकडे टंचाई आहे. पहिल्यांदा उघडताना इंटरनेटची वायर काढून ठेवा. नवीन खातं जोडायला सांगेल, कॅन्सल करा. जुनं फोल्डर जागेवर असेल तर बऱ्याचदा पत्रं आपोआप समोर येतात. मी हा क्षण अनेक घरांत पाहिलाय आणि दरवेळी मलाही तितकंच बरं वाटतं.

आली नाहीत तर वर डावीकडच्या निळ्या टॅबमधून इम्पोर्ट मेसेजेस, त्यात विंडोज लाइव्ह मेल, आणि मग तुम्ही केलेल्या प्रतीचं सगळ्यात वरचं फोल्डर दाखवा. पत्रं इम्पोर्टेड फोल्डर नावाने स्टोरेज फोल्डर्सखाली येतील. "या फोल्डरमध्ये पत्रं सापडली नाहीत" असं म्हणाला तर प्रत पेन ड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये घ्या, प्रॉपर्टीजमधली रीड-ओन्लीची खूण काढा आणि पुन्हा करा. तरीही अडलं तर ईएमएल फाइली निवडून माउसने ओढून सरळ प्रोग्रामच्या यादीत सोडा. हेही चालतं, फक्त फोल्डर एकेक करून करावं लागतं.

इथपर्यंत जुनी पत्रं वाचता येतील. बाबांना नवीन पत्रंही इथेच हवी असतील तर त्यांचं खातं कुठलं आहे यावर सगळं ठरतं. खातं हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचं असेल तर नाही होणार. १६ सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने त्या खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने आत येणं बंद केलं आणि नवी पद्धत लाइव्ह मेलला येत नाही. त्यावर उपाय शोधत बसू नका. जीमेल असेल तर जमतं. ३० मे २०२२ पासून गूगलनेही नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामांना चालू देणं थांबवलं, पण खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं की १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढता येतो. लाइव्ह मेलमध्ये तोच टाकायचा. खात्याच्या सेटिंगमध्ये पत्रं घ्यायला आयमॅप आणि पोर्ट ९९३, पाठवायला पोर्ट ४६५, दोन्हीकडे एसएसएलवर (सुरक्षित जोडणी) खूण.

एवढं करूनही शेवटी सीसीसी१ए असलेला एरर आला, तर सुरक्षित जोडणी जुळलेली नाही. विंडोज ७ ला टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची नवी पद्धत) येतं, पण ते मुळात चालू नसतं, आणि १.० ला आता पुष्कळ सर्व्हर दारातच अडवतात. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सिक्युरिटीप्रोव्हायडर्स, एसचॅनल, प्रोटोकॉल्स इथपर्यंत जा. तिथे 'टीएलएस १.२' नावाची की (रजिस्ट्रीतलं फोल्डर) करा (टीएलएस आणि आकड्यामध्ये एक स्पेस हवी), तिच्या आत 'क्लायंट', आणि त्यात दोन डीवर्ड (आकड्याच्या नोंदी): 'डिसेबल्डबायडिफॉल्ट' ला ० आणि 'एनेबल्ड' ला १. मग रीस्टार्ट. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिचं एक्सपोर्ट घेऊन ठेवा. सवय नसेल तर शेजारी जाणता माणूस बसवून करा.

माझं स्पष्ट मत मात्र असं की बाबांनी नवीन पत्रव्यवहार या मशीनवर करू नये. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, आणि लाइव्ह मेल पत्रं दाखवायला इंटरनेट एक्सप्लोररचंच इंजिन वापरतो. लाइव्ह मेल जुन्या पत्रांचं कपाट म्हणून ठेवा, नेट न जोडता. नवीन पत्रं फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर बघू द्या. शिवाय त्याच ईएमएल फाइली थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्राममध्येही घेऊन ठेवा. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची मालिका ११५ आहे, आणि नव्या मशीनवर गेलात तरी थंडरबर्ड तिथेही चालतो. इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी नावाचं अ‍ॅड-ऑन अख्खं फोल्डर एका दमात आत घेतं.

एक राहिलं, आणि मराठी घरांत ते हमखास पुढे येतं. पत्र उघडलं आणि डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला इंग्रजी ए, शेजारी चार पाय फुटलेलं बारीक वर्तुळ, अशा जोड्या ओळीने दिसल्या तर पत्र बिघडलेलं नाही. ते यूटीएफ-८ आहे आणि प्रोग्राम त्याला पाश्चात्त्य लिपी समजून वाचतोय. पत्र वेगळ्या खिडकीत उघडून एन्कोडिंग यूनिकोड यूटीएफ-८ करा, मराठी दिसेल. पण आउटलुक एक्सप्रेसच्या काळातून आत आलेली आणखी जुनी पत्रं असतील, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश अशा फॉण्टांत लिहिलेली, तर एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. तिथे आतली अक्षरं इंग्रजीच असतात आणि मराठीपण फक्त त्या फॉण्टमध्ये असतं. फॉण्ट गेला की मजकूर अर्थहीन. म्हणून बाबांच्या पीसीवरचं विंडोजमधलं फॉण्ट्स फोल्डरही आजच त्याच पेन ड्राइव्हवर उचलून घ्या.

ही प्रत घेऊन झाली की इथे कळवा. इम्पोर्ट करताना किंवा खातं जोडताना एरर आला तर त्याचा पूर्ण आकडा आणि खातं कुठलं आहे तेवढं लिहा, पुढचं मी सांगतो. पासवर्ड किंवा ईमेलचा पत्ता मात्र इथे लिहू नका.