व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर लय दुखते काय, आणि माणूस कामावर कधी जाते?

तुम्ही विचारलं की आईच्या पोटरीवर नसांचे गुंते झाले, डॉक्टरनं लेझर सांगितलं, तर दुखते किती आणि निंदणाले परत कधी जाता येईन. अजिबात दुखत नाही म्हणणारे खोटं बोलते. मरण येते म्हणणारेही खोटंच बोलते, आणि त्यातला एक माझा सख्खा मोठा भाऊ होय, ज्यानं स्वतः आजवर धनुर्वाताच्या सुईशिवाय काही टोचून घेतलं नाही.

माझं यवतमाळ जिल्ह्यात फाट्यावर नाष्ट्याचं हॉटेल आहे. सकाळी 5 ले भट्टी पेटते, आलूबोंडा, समोसा, तर्री-पोहे, रात्री 8 ले शटर, मधात बसणं म्हणजे जेवतानी 10 मिनिटं. असे 22 वर्षं उभ्यानं काढले. डाव्या पायाच्या नसा फुगल्या हे सगळ्यायले दिसे, पोट्टे म्हणत काका पायात गांडुळं पाळले काय. संध्याकाळी पाय जड व्हायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे, पण ठणका नव्हता म्हणून कोण जाते दवाखान्यात.

मग एक दिवस न्हाणीत आंघोळ करतानी घोट्याजवळ खाज आली म्हणून दगडानं घासलं. काही दुखलं नाही. साबणाचं पाणी गुलाबी दिसलं, मले वाटलं कुंकू-बिंकू सांडलं असंन कोणाचं, आणि खाली पाहतो तर घोट्यातून पिचकारीसारखी बारीक धार, समोरच्या भिताडापर्यंत. बायकोनं दुपट्टा फाडून गुडघ्याखाली करकचून बांधला. दादा धावत आला, त्यानं मले खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, आणि धार अजून वाढली. आमच्या गल्लीतली आशाताई आली नसती तर काय झालं असतं माहीत नाही. तिनं पहिले दादाले बाजूले केलं, मले जमिनीवर आडवं पाडलं, पाय बेसनाच्या पोत्यावर उंच ठेवला, दुपट्टा सोडून टाकला आणि फडकं ठेवून नेमक्या जागेवर अंगठा दाबून बसली 10-15 मिनिटं. बंद. पाय खाली लोंबला की रक्त जोरात येते, वर केला की थांबते, एवढंच गणित. तुमच्या आईचं ऑपरेशन व्हायचं तेव्हा होईन पण हे घरात सगळ्यायले आजच सांगून ठेवा.

त्यानंतर नागपूर. डॉप्लर सोनोग्राफी उभं राहूनच करते, पोटरी दाबते आणि सोडते, पडद्यावर दिसते रक्त वर गेलं का परत खाली आलं. नसांमधी झडपा असते, विहिरीच्या मोटरीले फूटव्हॉल असते ना तशाच, त्या निकामी झाल्या की रक्त खाली येऊन साचते आणि वरवरच्या नसा फुगते. माझी जांघेतली झडप गेली होती. डॉक्टर म्हणे ही मोठी नस लेझरनं आतून भाजून बंद करा लागते.

घरी येऊन हे सांगितलं आणि दादा सुरू. नस जाळली तर रक्त जाईन कुठून, उद्या पाय कापा लागन, हे सगळे पैसे काढायचे धंदे, आपले बाबा 50 वर्षं वावरात उभे राह्यले त्यायले कोणतं लेझर लागलं.

आता इथं माझं डोकं फिरते. बाबाले काही नव्हतं? बाबाच्या उजव्या घोट्याच्या वर आतल्या अंगानं कातडी काळी पडून लाकडासारखी कडक झाली होती, मग तिथं जखम झाली, आणि ती जखम 6 वर्षं वाहिली. जुन्या धोतराच्या पट्ट्या मी उकळून वाळवायचो, मी बदलवायचो, वास येते म्हणून बाबा पंगतीत जेवाले जात नसत, बंडीजवळ एकटे बसत. दादानं कोण्या बुवाचं मलम आणलं होतं आणि साखरेची जखम हाये म्हणून गूळ बंद केला होता. साखर तपासली तर नॉर्मल! साखरेची जखम बहुतेक तळव्याले नाहीतर बोटाले होते. घोट्याच्या वर आतून झाली, आजूबाजूले काळं पडलं, तर पहिले नसांचा संशय घ्या. तेव्हा कोणी डॉप्लर सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, त्यात माझीही चूक होय. पण त्याच बाबाचं नाव पुढं करून मले अडवायचं म्हणजे?

दादाचीच पोरगी नर्सिंग शिकते. तिनंच बापासमोर सांगितलं की इंग्लंडात 450 रुग्णांवर अभ्यास झाला, 2018 ले छापून आला, सगळ्यायले दाबाची पट्टी बांधली होती पण ज्यायची खराब नस लवकर बंद केली त्यायच्यातल्या निम्म्या लोकायची जखम 56 दिवसात भरली, थांबले त्यायच्यातल्या निम्म्यायची 82 दिवसात. दादा उठून गोठ्यात गेला.

रक्त जाईन कुठून याचं उत्तर तर त्याच्याच घरात होतं. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल नसांतून जाते, वरची ही नस साथीले असते फक्त. दादाच्या सासऱ्याचं बायपास झालं तेव्हा पायातून हीच नस काढून छातीत लावली, तो बुढा आज सकाळी दोन चक्कर मारते गावाले. त्याच्या पायात रक्त कुठून जाते मग? यावर दादा म्हणे तुलेही उद्या बायपास लागलं तर नस कुठून आणशीन. हा मुद्दा बरोबर आहे, मी डॉक्टरले विचारला, ते म्हणे फुगून वाकडीतिकडी झालेली नस तशीही बायपासच्या कामाची नसते.

बरं, लेझर. गुडघ्याजवळ सुई, त्यातून केसाएवढी नाही पण वायरीएवढी बारीक फायबर सोनोग्राफीत पाहत पाहत जांघेपर्यंत. मग नसेच्या आजूबाजूनं मांडीभर सुन्न करणारं थंडगार पाणी टोचत येते, 10-12 टोचण्या, दुखते ते हेच. सगळ्यायच्या डोळ्यावर चष्मे. मग फायबर हळूहळू मागं ओढते, आणि नस आतून भाजून चिकटते, तेव्हा मले गरम वाटलं फक्त. पाऊण तासात झालं, पाय दाबून धरणारा घट्ट मोजा चढवला आणि म्हणे उठा, चाला. खरंच चाललो. येतानी गाडी वर्धा, देवळी, कळंबले थांबवली, दर तासाले उतरून 5 मिनिटं चाल असं सांगितलं होतं, कळंबच्या स्टँडवर पायजमा वर करून पांढरा मोजा मिरवत फिरलो, लोकं पाहून राह्यले.

पहिले तीन दिवस काही नाही, मले वाटलं दादाले फोन करून चिडवावं. पाचव्या दिवशी मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं झालं, पाय सरळ करता येईना, वांग्यासारखे निळे डाग. हे पुष्कळायले होते, एक-दोन आठवड्यात उतरते. पण पोटरी एकदम सुजली, दगडासारखी झाली किंवा धाप लागली तर वाट पाहू नका, आतल्या नसेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. म्हणूनच काही दिवसांनी परत सोनोग्राफी करते, ती टाळू नका, दूर पडते म्हणून लोकं टाळते.

मी चौथ्या दिवशी गल्ल्यावर बसलो, भट्टीवर 13 व्या दिवशी गेलो. तुमच्या आईचं निंदण वाकून-बसून असते, वजन नसते, दोन आठवड्यांनी हळूहळू जमन असं मले वाटते, डॉक्टरले विचारा. पाण्याचे हंडे आणि कापसाचे गाठोडे मात्र उशिरा.

पोटरीवरचे गुंते लगेच जात नाही, माझे दोन महिन्यांनी इंजेक्शन देऊन बसवले. काळी कातडी माझी अजून काळीच आहे. घोट्याजवळ एक पट्टा बधिर आहे. नस परतही फुगू शकते, दुसरी कोणती तरी. आतल्या नसेत आधी गुठळी झाली असंन तर लेझर सरसकट करत नाही, ते डॉप्लरमधी समजते. एका पायाचे माझे 65 हजार लागले, मेडिक्लेम होता पण व्हेरिकोज व्हेन्स बहुतेक पॉलिसीत 2 वर्षाच्या वेटिंगमधी असते, हे एजंटनं नंतर सांगितलं. तुमची पॉलिसी असंन तर पहिले तो कागद वाचा. सरकारी योजनेचं मोठ्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले विचारा.

दादा आजकाल मे महिन्यातही लांब पायमोजे घालते. घोट्यावर काय झालं ते मी पाह्यलं एकदा, काही बोललो नाही.

मोज्याचं शेवटचं सांगतो, कारण आईचा पहिला वैताग तोच राहीन. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवायच्या आधी घालायचा. बोटं उघडी असणारा घ्या, पायाले आधी प्लास्टिकची थैली चढवा, त्यावरून मोजा सरकवा, मग थैली बोटांकडून ओढून घ्या, नाहीतर ओढून ओढून नखं तुटते. आणि धुतल्यावर पत्र्यावर वाळू घालू नका, आमच्याइकडच्या उन्हात रबर चार दिवसात ढिलं पडते, माझा पहिला जोड तसाच गेला.