कुंभार्लीच्या ओल्या वळणावर एक्सल का तुटतो?

चार महिने पावसाच्या आवाजात दबलेल्या गाड्यांच्या खटखटी आणि कटकटी नवरात्रात ऐकू यायला लागतात, आणि माझ्याकडची प्रश्नांची थप्पी वाढते. यंदा त्यातले निम्मे प्रश्न ‘मजबूत पार्ट टाकू का?’ या धर्तीचे आहेत. म्हणून आजची सगळी उत्तरं इंजिनापासून चाकापर्यंतच्या वाटेवरची.

माझ्याकडे दीड लिटर टर्बो पेट्रोलची व्हर्टस जीटी आहे, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. रिमॅप करून (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून) टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, ३३० न्यूटन मीटरपर्यंत न्यायचा विचार आहे. मॅप करणारा म्हणतो, मूळचे ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचे दांडे, मेस्त्रींच्या भाषेत एक्सल) टिकणार नाहीत, क्रोमोलीचे (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) मागवा. मागवू का? (रत्नागिरी)

शाफ्टच्या आधी गिअरबॉक्सकडे बघा. तुमच्या गाडीतला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे आणि तुमचं इंजिन मूळचंच २५० देतं. कागदावर शिल्लक शून्य. त्यावर आणखी ८० चढवलेत तर आधी क्लच घसरेल. शाफ्टचा नंबर बराच मागे आहे.

आता शाफ्टचं गणित. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची गिअरजोडी) मिळून टॉर्क १४ पट होतो असं धरू. २५० चे झाले ३,५००, म्हणजे दोन चाकांत वाटून प्रत्येक शाफ्टला १,७५०. पण पुढच्या एका चाकावर वजन असतं जेमतेम पावणेचारशे किलो. कोरड्या रस्त्यावर चांगला टायर साधारण आपल्यावरच्या वजनाइतकी ओढ पेलतो. चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली तर टायर झेलेल तो टॉर्क ११४० न्यूटन मीटरच्या आसपास येतो. त्यापुढे टायर जागीच गरगरतो आणि इंजिन कितीही बोंबललं तरी शाफ्टवर भार वाढत नाही. टायर हा शाफ्टचा फ्यूज आहे म्हणा ना.

मग शाफ्ट तुटतात कसे? हिसक्याने. कुंभार्ली घाट चढताना ऑगस्टमध्ये डोंगरातलं पाणी रस्त्यावर आडवं वाहत असतं. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता, पुढचं चाक त्या पाण्यात गरगरतं आणि हातभर पुढे कोरडी पट्टी आली की गपकन पकडतं. चाकात, गिअरबॉक्सात, फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा वेग त्या क्षणी शाफ्टच्या मानेवर उतरतो. मान म्हणजे जिथे दाते सुरू होतात ती जागा. तुटलेला शाफ्ट माझ्याकडे आला की मी आधी तिथेच बघतो. थांबलेल्या गाडीला झटका देऊन निघताना चाक थाडथाड उडतं, तेव्हा हाच मार सेकंदात अनेक वेळा बसतो.

म्हणून पहिला खर्च माऊंटिंगवर. गिअरबॉक्सखालचं डॉगबोन माऊंटिंग, म्हणजे इंजिनाचे झोके अडवणारा रबरी जोड, काढून बघा. रबराला चीर दिसली तर इंजिन आधी झोके घेतं आणि मग शाफ्टला हिसका देतं. नवं माऊंटिंग किंवा पॉलियुरेथेनचा इन्सर्ट, शाफ्टच्या किमतीपुढे चिल्लर आहे. इन्सर्टने आयडलला केबिन थोडी थरथरते, ते सोसायची तयारी ठेवा.

एवढं करूनही ट्रॅकवर जाणार असाल, चिकट टायर टाकणार असाल, तर गोष्ट वेगळी. टायर चिकट झाला की फ्यूजच मोठा झाला, आणि मग जाड शाफ्टला अर्थ येतो. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २५ मिलिमीटरचा शाफ्ट २८ चा केला की धातू तोच असूनही ताकद ४० टक्क्यांनी वर जाते. पण तुटायचंच असेल तर काय तुटावं, हेही ठरवा. शाफ्ट तासाभरात बदलून होतो. शाफ्ट तुटेनासा झाला की तोच हिसका डिफरन्शियलच्या (दोन चाकांत टॉर्क वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) दात्यांवर जातो.

नवे शाफ्ट बसवलेच, तर बसवण्याआधी लांबीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. सहा महिन्यांनी गाडी लिफ्टवर घेऊन बघा. रेघ सरळ असेल तर ठीक. दोरीच्या पिळासारखी वळली असेल तर त्या लोखंडाने हार मानलेली आहे, तुटायची वाट बघू नका.

स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना पुढून कट-कट आवाज येतो. मेस्त्री म्हणतात अख्खा एक्सल बदला. नुसता बूट (जोडावरचं घड्यांचं रबरी कव्हर) बदलून भागेल का? (गुहागर)

आवाज सुरू झाला असेल तर नाही भागणार. वळताना येणारी कट-कट बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाक वळलं तरी शाफ्ट फिरता ठेवणाऱ्या चाकाकडच्या जोडाची. त्यातल्या गोळ्या ज्या खाचांतून धावतात त्यांना खड्डे पडलेत. सरळ रस्त्यावर पाय दाबताच गाडी थरथरत असती तर मी आतल्या ट्रायपॉडवर, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जोडावर, संशय घेतला असता.

बुटाच्या घडीत अंगठा घालून फाकवा, चीर बहुधा तिथेच असते. बाहेर आलेलं ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. लोण्यासारखं लागलं तर जॉइंट वाचण्याची आशा आहे. कचकचलं तर जांभ्याची तांबडी धूळ आत गेलीय, आणि त्या दोघांची मिळून व्हॉल्व्ह घासायची लापी झालीय. चिऱ्याच्या खाणीजवळच्या वाड्यांमधल्या गाड्यांत हे मी इतकं पाहतो की आगोटीला कौलं बघतात तसे बूटही बघा, असं सांगून तोंड दुखलं.

सगळा एक्सलच बदलायची गरज नाही, बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो का ते विचारा. बसवताना तीन गोष्टींवर उभं राहून लक्ष द्या. ग्रीस मॉलिब्डेनमचं, किटमध्ये आलेली पुडी पूर्ण. बुटाला स्टीलचा क्लॅम्प, प्लास्टिकची पट्टी नको. हबचा नट नवा आणि टॉर्क पान्याने आवळलेला. शिवाय शाफ्ट काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलू देऊ नका. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच एकसंध राहतं, त्यामुळे दहा फूट ढकललेली गाडीही पुढे घुमायला लागते.

थारला दोन इंचांची लिफ्ट आणि ३३ इंची टायर टाकले. आता ७०-८० ला तळपायाखाली गुणगुण येते. टायर दोनदा बॅलन्स केले, फरक नाही. (सावंतवाडी)

टायरचा हादरा संथ असतो, स्टिअरिंगमध्ये डुलतो. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा लांब दांडा) चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, त्याची गुणगुण बारीक असते आणि सीटमधून, पायाखालून येते. तुम्ही दुसरी सांगताय. खात्री करायची तर ७५ च्या वेगात गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलूनही गुणगुण तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे.

कारण सांगतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे चार टोकांचा जोड, वाकून फिरतो तेव्हा बाहेरची गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होते. १० अंशाच्या कोनात हा फरक दीड टक्का, २० अंशाला थेट ६ टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा पुसून टाकतो. लिफ्टने तुमचा हा तोल बिघडलाय. गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी), शाफ्ट आणि पिनियन (शाफ्टकडून फिरणारा मागच्या एक्सलचा गिअर), तिन्हींवर मोबाइल टेकवून कोन मोजा. सपाट जमिनीवर, गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकलेल्या एक्सलचे कोन फसवे असतात.

कोन बरोबर आले तर शाफ्टची दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का ते बघा. लिफ्ट बसवताना कोणी स्लायडिंगचा जोड सुटा करून एक दाता पुढे-मागे घातला असेल तर हेच होतं. माझ्याकडे एका गाडीवर मी दोन दिवस कोन मोजत बसलो आणि कारण निघालं हे. तेव्हापासून सोडवण्याआधी जोडावर खडूने रेघ मारल्याशिवाय पाना लावत नाही.

पिनियनचा कोन सुधारायला पाचरी किंवा ॲडजस्टेबल आर्म लागतील. आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. विम्याचा दावा करायची वेळ आली की हे आठवतं, म्हणून आधीच सांगितलं.

मॅन्युअल हॅचबॅकला सिरॅमिक बटणांची क्लच प्लेट आणि हलकं फ्लायव्हील टाकायचंय. दर गणपतीला मुंबईहून कणकवलीला येतो. (डोंबिवली)

नका टाकू. ती प्लेट एक तर सुटलेली असते किंवा धरलेली, मधलं तिला ठाऊक नाही. माणगावच्या रांगेत इंच-इंच सरकताना मागे बसलेल्या आईची मान दुखेल आणि हलक्या फ्लायव्हीलमुळे चढावर गाडी दहादा बंद पडेल. ऑरगॅनिक प्लेटच ठेवा, सोबत जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्या. रिमॅप बेताचा असेल तर पुरते.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला एलएसडी (एका चाकाला मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल) घ्यायचा तर हेलिकल की प्लेटचा? (चिपळूण)

घाटासाठी हेलिकल. साधा डिफरन्शियल वळणात आतल्या, हलक्या झालेल्या चाकाला मोकळं सोडतो. तेच गरगरतं आणि गाडी बाहेर सरकते. हेलिकलचे तिरक्या दात्यांचे गिअर जास्त पकडीच्या चाकाकडे टॉर्क वळवतात. त्याला वेगळं तेल लागत नाही, झिजणाऱ्या प्लेटा नाहीत. एक चाक पूर्ण हवेत गेलं तर तो हतबल होतो, पण परशुराम घाटात तुमचं चाक हवेत जात असेल तर प्रश्न डिफरन्शियलचा नाही. प्लेटचा ट्रॅकवर सरस, पण पार्किंगमध्ये कुरकुरतो आणि तेल वरचेवर मागतो. खर्चाचा मोठा भाग गिअरबॉक्स खोलण्याचा असतो, तेव्हा क्लच बदलायच्या वेळीच हे काम काढा.

मुरुडच्या पुळणीत गाडी रुतली, भरतीचं पाणी हबपर्यंत आलं. ट्रॅक्टरने ओढून काढली. धुतली, चालते आहे. काही करायला हवं? (दापोली)

पुळणीत गाडी घालायचीच नाही, हे ट्रॅक्टरवाल्याने ऐकवलं असेलच. आज चालते आहे हे खरं, पण गरम गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून), सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. या आठवड्यात गिअरबॉक्सचा आणि असल्यास मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट सैल करून थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या. दुधाळ दिसलं तर लगेच बदला, दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदला. चारही चाकं उचलून हाताने फिरवा, खरखर लागली ते बेअरिंग गेलं. बूट उघडून ग्रीसला मिठाचा पांढरा थर धरलाय का बघा. आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुताना पाइप दाबून धरू नका, साध्या धारेने, अर्धा तास.