थंडीत निळी पडणारी बोटे आणि रक्तक्षय

प्रश्न : आम्ही निफाडजवळ राहतो. माझ्या आईचे वय ६८ आहे. गेले दोन हिवाळे पहाटे अंगणात गेली की तिची बोटे आणि कानाच्या पाळ्या निळ्या पडतात व ऊब मिळाली की पूर्ववत होतात. हिमोग्लोबिन ८.४ आहे. पहिल्या तपासणीत तांबड्या पेशी ११ लाखच निघाल्या. नमुना कोमट करून पुन्हा मोजल्यावर २७ लाख भरल्या. डॉक्टरांनी ‘कोल्ड ॲग्लुटिनिन’चे निदान केले, पण स्टेरॉइड दिले नाही. हा कर्करोग तर नाही ना?

उत्तर : नमुना कोमट करून पुन्हा मोजणाऱ्या तंत्रज्ञांचे आपण आभार मानायला हवेत, कारण या आजाराची किल्ली तिथेच आहे. ‘कोल्ड ॲग्लुटिनिन’ म्हणजे आपल्याच तांबड्या पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी). ती बहुधा ‘आयजीएम’ जातीची असतात आणि गारव्यात पेशींना चिकटून त्यांचे पुंजके करतात. असा पुंजका यंत्र एकच मोठी पेशी म्हणून मोजते, म्हणून आकडा इतका घसरतो. थंड नळीच्या काचेवर वाळूसारखे कण दिसतात. तीच नळी थोडा वेळ मुठीत धरली की ते विरघळून जातात. आईच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत नेमके हेच घडते.

रक्तक्षयाचे कारण मात्र पुढचे आहे. बोटांतून रक्त परत उबेत आले की प्रतिपिंड सुटते, पण तोवर त्याने ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने पेशीवर बसवलेली असतात. ही खूण असलेल्या पेशी मुख्यतः यकृतात गिळल्या जातात. तांबड्या पेशींवर काय चिकटले आहे हे पाहणाऱ्या कूम्ब्स चाचणीत ‘सी३डी’ हा कॉम्प्लिमेंटचा अंश पॉझिटिव्ह आणि ‘आयजीजी’ ही प्रतिपिंडांची दुसरी जात बहुधा निगेटिव्ह येते ते यामुळेच. अशी प्रतिपिंडे अल्प प्रमाणात पुष्कळ निरोगी माणसांतही असतात, पण ती ४ अंशांच्या आसपासच काम करतात. म्हणून मी अहवालातल्या टायटरपेक्षा (प्रतिपिंडांच्या प्रमाणापेक्षा), प्रतिपिंड किती तापमानापर्यंत पेशींना धरून ठेवते हे अधिक महत्त्वाचे मानतो. ते २८-३० अंशांपर्यंत टिकत असेल, तर त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते.

कर्करोगाविषयीची आपली भीती मी समजू शकतो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियानंतर हा विकार तात्पुरता उद्भवतो आणि आपोआप ओसरतो. आईच्या वयात दोन हिवाळे टिकलेला विकार मात्र बहुधा अस्थिमज्जेतील बी-लिम्फोसाइट पेशींच्या एका छोट्या, संथ वाढणाऱ्या समूहातून आलेला असतो. तो आक्रमक लिम्फोमा नव्हे, तरीही मज्जेची तपासणी टाळू नये. स्टेरॉइड न देण्याचा निर्णय मला योग्य वाटतो : या प्रकारात त्याचा गुण क्वचितच येतो, आणि पेशी यकृतात नष्ट होत असल्याने प्लीहा काढूनही फारसे साधत नाही. गरज पडल्यास बी-लिम्फोसाइट पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब हे औषध देतात. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले सुटिमलिमॅब कॉम्प्लिमेंटची साखळी सुरुवातीलाच रोखते. त्याने हिमोग्लोबिन सुधारते, पण पुंजके होणे थांबत नसल्याने बोटांचा निळेपणा राहतो.

आईला पहाटे हातमोजे, पायमोजे आणि कानटोपी घालायला द्या. धुण्या-भांड्यांना गार पाणी नको. लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दाखवा. रक्त देण्याची किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हे निदान आधीच सांगा, म्हणजे रक्ताची जुळणी ३७ अंशांवर होईल, पिशवीतले रक्त वॉर्मरमधून दिले जाईल आणि शस्त्रक्रियागृहही उबदार ठेवले जाईल.