जुन्या वस्तू घेऊन नफ्यात विकता येतात का?

येतात, पण नाण्यांपासून सुरुवात करू नका. ‘वैष्णोदेवीचं नाणं लाखाला’ वगैरे जाहिराती निव्वळ थापा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीबद्दल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही सावध केलं होतं.

मी पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी डबे, अडकित्ते बघतो. मोडीचा भाव माहीत हवा. त्याच्या आसपास मिळालं तर फारसं बुडत नाही. चिंच लावून लख्ख मात्र करू नका, जाणकार गिऱ्हाईक त्या काळवंडलेल्या रंगाचेच पैसे मोजतं. मूर्ती, चित्र १०० वर्षांहून जुनं असेल तर हात लावू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो, परदेशी पाठवणं तर बंदच.

माझे चार अडकित्ते अजून घरातच आहेत. विकवत नाहीत, काय करणार!