सिव्हिलायझेशन ६ या व्हिडिओ गेमचे डाव तुम्ही शेवटपर्यंत खेळता का? मला दोनशे टर्ननंतर कंटाळा येतो, माझंच काही चुकतंय का?

नाही हो, चुकत काही नाही. माझ्याकडे अर्धवट सोडलेल्या डावांच्या चाळीसेक सेव्ह फायली पडल्यात, तडीस नेलेले डाव सात-आठच. सातवा भाग आणताना गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसवाल्यांनीसुद्धा कबूल केलं होतं की बरेच जण डाव पुरा करत नाहीत.

बुद्धिबळात डाव सरकतो तशी मोहरी कमी होतात, कॅरममध्ये सोंगट्या. पट रिकामा होतो आणि उरलेल्या एकेका प्याद्याला भाव येतो. इथे बरोब्बर उलटं. ख्रि. पू. ४००० ला हातात शहर वसवणारा एक सेटलर आणि एक वॉरियर. नदीकाठी इथेच वसायचं की पलीकडच्या टेकडीसाठी एक टर्न घालवायचा, यावर मी पाच मिनिटं डोकं खाजवतो, कारण ते पुढे शेकडो टर्न निस्तरायचं असतं. अडीचशेव्या टर्नला चौदा शहरं झालेली असतात, दर दोन मिनिटांनी त्यातलं एखादं 'आता काय बांधू?' म्हणून दारात उभं, आणि खरं सांगतो, काहीही बांधलं तरी चालतं. डावाचा निकाल केव्हाच लागलेला असतो, उरते ती कारकुनी.

'पातळी वाढवा' असं लोक सांगतात. पण डीटी या सगळ्यात कठीण पातळीवर संगणक शहाणा होत नाही, नुसता घरचा श्रीमंत होतो. तुमच्या एका सेटलरसमोर त्याचे तीन, वर उत्पादनात सवलत. म्हणजे मारामारी सगळी सुरुवातीलाच. तेवढ्यात तग धरलात की पुढे परत तेच.

तरी एक शेवट लक्षात राहिलाय. गॅदरिंग स्टॉर्म हा हवामानबदलाचा जोडभाग घातलेला डाव, कोरिया घेऊन विज्ञानाचा विजय. उपग्रह, चंद्र, मंगळ झालं आणि दूरच्या ग्रहाकडची शेवटची मोहीम सुटली. तिला ५० प्रकाशवर्षं जायचं असतं आणि वेग टर्नला एक. लेझर स्टेशनं बांधली की वेग वाढतो, पण तोवर आपण 'नेक्स्ट टर्न' दाबत बसायचं. उत्तरेच्या बर्फात माझा अगदी पहिला स्काउट, म्हणजे टेहळ्या, अजून झोपलेला होता, त्याला उठवून थोडं फिरवलंही. काय करणार!

तेवढ्यात समुद्र चढला. किनाऱ्यावरच्या एका शहराचं नाव मी बदलून मालवण ठेवलं होतं. त्याची दोन शेतं आधी पाण्यात गेली आणि नंतर नकाशावरून पुसलीच गेली. दोष कुणाला देणार? शंभर टर्न कोळशाची वीजकेंद्रं मीच चालवली होती. फ्लड बॅरियर म्हणजे पुराचा बांध बांधायला घेतला तर त्याचा खर्च पाणी चढेल तसा वाढतो, म्हणजे आधी टाळाटाळ केली त्याचं व्याजही मलाच. यानाच्या लेझरचं काम चालू ठेवायचं की मालवणचा बांध घालायचा, यावर मी पहिल्या टर्नसारखा अडून बसलो. लेझर चालू ठेवलं.

सातव्या भागाने यावर तोडगा म्हणून डावाचे तीन कालखंड केलेत. २०२५ मध्ये तो आला तेव्हा एक कालखंड संपला की तुमची संस्कृती बदलायची आणि बरंचसं पुन्हा मांडावं लागायचं. मला तो उपाय रुचला नाही. जमवलेलं काढून घेतलं की कंटाळा जातो खरा, पण चीड येते.

तुम्हाला शेवट बघायचाच असेल तर नकाशा छोटा घ्या आणि ऑनलाइन स्पीड लावा, ५०० ऐवजी २५० टर्नचा डाव होतो. आणि जिंकल्याचं नक्की कळलं की बिनदिक्कत सोडा, कुणी हजेरी घेत नाही.

माझं यान पोचलं. विजयाची फिल्म झाली, खाली नेहमीचं 'अजून एक टर्न' आलं. एरवी मी ते कधी दाबत नाही. त्या रात्री दाबलं, मालवणचा बांध राहिला होता.