वाचकांचे प्रश्न : मैसूरची टेक्नॉलॉजी घेतली की मशीन पण मिळतं का?

मागच्या अंकात सरकारी लॅबमधलं संशोधन छोट्या उद्योगांपर्यंत कसं पोचतं त्यावर लिहिलं होतं, त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना आज उत्तरं देतेय. कुणाचीच नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

ताई, आम्ही आठ जणी बचतगटातर्फे कोकम आगळ आणि आमसुलं करतो. मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि निम्मी सोलं बुरशीने गेली. मैसूरच्या सरकारी संस्थेकडून टेक्नॉलॉजी घेतली की मशीन मिळतं, वर ३५ टक्के सबसिडी पण, असं कळलं. खरं आहे का? – कुडाळ

अर्धं खरं आहे. दोन वेगळ्या गोष्टी तुमच्यापर्यंत एकत्र होऊन आल्यात. मैसूरची संस्था म्हणजे सीएफटीआरआय, १९५० पासून अन्नप्रक्रियेवर काम करतेय आणि तिची टेक्नॉलॉजी फी भरून घेता येते, पण तिथून मशीन येत नाही, येतं ते लायसन्स. म्हणजे करार करायचा, मग कृती, प्रमाण, किती तापमान किती वेळ, कुठली मशिनरी लागेल हे सगळं लिहून मिळतं आणि एकदा करून दाखवतात. मशीन तुम्हीच शोधायचं, तुम्हीच बसवायचं. शिवाय तेच लायसन्स बहुतेक वेळा दुसऱ्यालाही देतात, तेव्हा आपल्याशिवाय हे कुणाकडेच नसेल असं धरून चालू नका.

आता मला खरं सांगा, तुमचं अडलंय ते कृतीत आहे का? साल रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, हे तुम्हा आठ जणींना कुणी शिकवायला नको. अडलंय ते वाळवणीत. त्यासाठी मैसूर गाठायच्या आधी दापोलीला जा. कोकण कृषी विद्यापीठात कोकम, काजू, फणसावर वर्षानुवर्षं काम झालंय, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तर तुम्हाला अगदीच जवळ आहे. तिथे नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात ड्रायर असेल तर विनंती करा की आमची वीस किलो सालं आम्हाला तुमच्या ड्रायरवर वाळवून बघू द्या. दुसऱ्याचा डेमो बघून यायचं नाही, आपला माल घालून बघायचा. किती तास लागले, रंग टिकला का, वरच्या ट्रेमधलं आणि खालच्या ट्रेमधलं सारखं वाळलं का, सगळं वहीत लिहून आणा.

हे एवढं जीव तोडून सांगतेय कारण मालवण तालुक्यात एका गटाच्या शेडमध्ये मी स्वतः बघितलंय. सबसिडीतून ड्रायर आला होता, छान चकचकीत, आणि ट्रे अ‍ॅल्युमिनियमचे. कोकमाचा आंबटपणा धातूला खातो हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आपण विचारायचं असतं हे बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या सीझनला ट्रेला बारीक बारीक खड्डे पडले होते, त्यावर बोट फिरवलं की काळं लागायचं आणि सोलांवर तसेच काळे ठिपके. एक वहिनी ट्रे उन्हात धरून मला दाखवत होती, तर त्यातून उजेडाचे टिपके पलीकडे पडत होते. हप्ते मात्र चालूच होते. म्हणून कोटेशन घेताना त्यात स्टीलचे फूड ग्रेड ट्रे असं स्पष्ट लिहून घ्या, आणि तुमच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते पण आधी मोजून घ्या.

सबसिडीचं म्हणाल तर ती पीएमएफएमई, म्हणजे २०२० ला सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना. खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. समजा १२ लाखांचं युनिट आहे, तर किमान १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार तुमचे, उरलेलं १० लाख ८० हजार बँकेचं कर्ज, आणि सबसिडी बसते ४ लाख २० हजार. पण ती तुमच्या हातात येत नाही, बँकेत वेगळी ठेवतात आणि तीन वर्षं युनिट चालू आणि कर्ज नियमित राहिलं की कर्जात वळती करतात. म्हणजे पहिली तीन वर्षं हप्ता भरायची ताकद धंद्यातच पाहिजे. गटातल्या बायकांना खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, माझं मत विचाराल तर आधी तिथून सुरुवात करा आणि मोठा ड्रायर एक सीझन ट्रायल झाल्यावर घ्या. योजनेची मुदत सध्या कधीपर्यंत आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

याच योजनेची फाइल करून देतो म्हणून एक जण मंजूर रकमेच्या १० टक्के मागतोय. द्यावेत का? – बार्शी

अजिबात नको. या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत, प्रोजेक्ट रिपोर्टपासून बँकेपर्यंत मदत करायची म्हणूनच, आणि त्यांना प्रत्येक मंजूर कर्जामागे सरकार २० हजार देतं. तुमच्या खिशातून काहीच जायचं नाही. कृषी कार्यालयात जाऊन त्यांचं नाव मागा.

आमच्या वर्कशॉपमध्ये मी एक फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा भाग) पकडून ठेवायचं साधन, बनवलंय, जॉब सेटिंगला ४० मिनिटं लागायची ती १० वर आली. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडायचा विचार आहे, मुलगा म्हणतो आधी पेटंट कर. – पिंपरी

मुलाचं ऐका. एकदा लोकांसमोर मांडलं की ते नवीन राहत नाही आणि पेटंट हातचं जातं. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण आपलं प्रदर्शन त्यात असेलच असं नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकला असेल तर वकिलाला तेही सांगा, लपवू नका.

उपाय एवढा अवघड नाही. प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करून टाका, तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंदणी, असेल तर छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तीच ८०००. तपासणीची फी पुढे वेगळी, तुम्हाला ४०००. खरा खर्च असतो तो अर्जाचं ड्राफ्टिंग, म्हणजे मसुदा, करणाऱ्याचा. एमएसएमई, म्हणजे लघुउद्योग मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत भारतातल्या पेटंटसाठी १ लाखापर्यंत खर्च परत मिळतो, पण तो पेटंट मंजूर झाल्यावर, म्हणून तोपर्यंतचे पैसे हाताशी ठेवा.

पण त्याआधी एक विचार करा. फिक्श्चर विकायचंय की फक्त स्वतःच्या शेडमध्ये वापरायचंय? फक्त वापरायचं असेल तर पेटंटच्या मागे न लागता गुपचूप वापरत राहणं जास्त फायद्याचं, कारण पेटंटमध्ये सगळं उघड लिहून द्यावं लागतं आणि उद्या शेजारच्या गाळ्यात कुणी तेच केलं तर कोर्टात तुम्हालाच जायचंय. तसं असेल तर प्रदर्शनातही नेऊ नका.

वडिलांची छोटी फाउंड्री आहे, आता मी बघते. रिजेक्शन खूप आहे. कर्ज काढून सिम्युलेशन सॉफ्टवेअर घेऊ का? – कोल्हापूर

फाउंड्रीत मुली उतरतायत हे वाचून किती बरं वाटलं सांगू!

कर्ज आत्ता नको. आयआयटी मुंबईने ई-फाउंड्री म्हणून उपक्रम सुरू केला, कास्टिंग (ओतीव भाग) डिझाइनचे धडे आणि सिम्युलेशन, म्हणजे ओतकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघणं, इंटरनेटवर फुकट, तेही तुमच्यासारख्या लहान फाउंड्रीला डोळ्यासमोर ठेवून. आधी त्यावर हात बसवा. ज्या पॅटर्नचं रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे तो एकच घ्या आणि पंधरा दिवस प्रत्येक रिजेक्ट कास्टिंगवर खडूने कारण लिहायला लावा, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), ब्लो होल (वायूने पडलेली भोकं), सँड (वाळूचा दोष), जे असेल ते. श्रिंकेजच जास्त निघालं तर रायझर आणि गेटिंग, म्हणजे साच्यात धातू पुरवायच्या जागा आणि वाटा, बघायचं, तिथे सिम्युलेशन कामाला येतं. सँडचा दोष निघाला तर बहुतेक वेळा ओलावा आणि मिक्सिंग बघावं लागतं, त्याला वाळूची टेस्टिंग पाहिजे. मग कन्सल्टंट लागला तर एमएसएमईच्या लीन योजनेत त्याच्या फीचे ९० टक्के सरकार भरतं, उद्यम नोंदणी तेवढी पाहिजे.

आणि भट्टीवरच्या जुन्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, खडू त्याच्याच हातात द्या. पंधरा दिवसांचे आकडे मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.